चरित्र वाचायला देताना

आमच्या मंडळाची लायब्ररी एका घराच्या बेसमेंटमध्ये आहे. दोन लोखंडी मांडण्या, एक लाकडी कपाट आणि उन्हाळाभर घरघरत राहणारा डीह्युमिडिफायर. पाच वर्षांपूर्वी मी पोस्टडॉक म्हणून फिलाडेल्फियाला आले, तेव्हा पहिल्याच गणपतीत एका काकूंनी विचारलं, "मराठी वाचतेस का गं?" मी हो म्हणाले आणि आरती व्हायच्या आत किल्ली माझ्या हातात आली. पुस्तकं बहुतेक भारतात परत गेलेल्यांनी दिलेली. 'इतिहास व चरित्र' अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर 'स्वामी'च्या चार प्रती आहेत, 'छावा' आणि 'श्रीमान योगी' प्रत्येकी तीन, आणि कुणी ठेवली देव जाणे, 'मृत्युंजय'ही तिथेच. विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचून वाचून कण्यातून उसवली आहे. तिच्या शेजारच्या शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१'च्या कार्डावर दोन तारखा आहेत, त्यातली एक माझी.

आणि तरी लोक येऊन म्हणतात, "इतिहासातलं, चरित्रातलं काहीतरी चांगलं सुचव. खरं हवं हं, कादंबरी नको." घरी जाताना हातात बहुधा कादंबरीच असते. याबद्दल मी पूर्वी कुरकूर करत असे. हल्ली करत नाही, कारण गेल्या वर्षी मी स्वतः जे केलं ते त्याहून वाईट होतं, आणि तेही अगदी खऱ्या, तळटिपा असलेल्या पुस्तकाच्या साह्याने.

मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी नववीत आहे. तिला शाळेत इतिहासाचा प्रकल्प करायचा होता. एका व्यक्तीचं चरित्र निवडायचं, आणि अट अशी की मूळ साधनं वापरायलाच हवीत. तिने आनंदीबाई जोशी निवडल्या. फिलाडेल्फियात वाढणाऱ्या मराठी मुलीने दुसरं कुणाला निवडावं? विमेन्स मेडिकल कॉलेज इथलंच. त्या कॉलेजचे कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, त्यात आनंदीबाईंनी १८८३ साली प्रवेशासाठी लिहिलेलं पत्रही आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली यांच्याबरोबरचा तो नऊवारीतला १८८५चा फोटो तर सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो.

मैत्रिणीने मला फोन केला. "तिला काहीतरी वाचायला दे. पण एक सांगते, ते मारहाणीचं वगैरे नको गं. आधीच शाळेत इंडिया म्हटलं की बालविवाह, हुंडा, सगळं हिला ऐकावं लागतं. त्यात आपणच पुरावा आणून द्यायचा?"

मी म्हणाले, "कळतंय मला." आणि खरंच कळत होतं. माझ्या लॅबमध्येही मी एखादी बातमी पटकन स्क्रीनवरून घालवलेली आहे, कुणी मागून येऊन वाचू नये म्हणून. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या समाजाबद्दल बोलताना कायम असं वाटत राहतं की खोलीत एक परका बसला आहे. त्यामुळे आपण घरात बोलतो तसं बाहेर बोलत नाही आणि काही वर्षांनी घरातही बोलेनासे होतो.

मुलीला मराठी बोलता येतं, पण छापील मराठी तिच्या डोळ्यांपुढे सावकाश सरकतं. म्हणून मी तिला कॅरोलाइन हीली डॉल या बाईंनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र सुचवलं. ते १८८८ सालचं आहे, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर वर्षभरात आलेलं. लेखिका समकालीन, पुस्तक इंटरनेटवर फुकट, शिवाय जुनं म्हणून शिक्षिकेपुढे मूळ साधन म्हणून दाखवता येईल असं. ही सगळी कारणं खरी होती. पण मी ते निवडलं त्यात काय नाही यासाठी. अमेरिकन मैत्रिणींना दिसलेली आनंदीबाई त्या पुस्तकात आहे. नवऱ्याला लिहिलेली मराठी पत्रं डॉलबाईंना वाचता येणार नव्हती.

तीन आठवड्यांनी मुलगी बेसमेंटमध्ये आली. हातात प्रिंटआउट होता. शाळेच्या लायब्रेरियनने तिला मीरा कोसंबींचा लेख शोधून दिला होता आणि त्यात त्या पत्राचं भाषांतर होतं. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ती मुलगी त्या दिवशी मराठीत म्हणाली, "मावशी, हे तुला माहीत होतं?"

हो, माहीत होतं.

ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याणची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, आणि बायकोला शिकवायचंच या एका गोष्टीने झपाटलेला. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाईंच्या वाचनात आलं, आणि त्या ओळखीच्या आधारावर अठरा वर्षांची आनंदी एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून एकटी बोटीत बसली. ११ मार्च १८८६ला एम. डी. झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हातात घेऊन परतली, पण क्षयाने इतकी पोखरली होती की तिथे एक दिवसही काम करता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. बावीस पुरे व्हायला महिनाभर कमी होता. (मी तिला 'ती' म्हणते आहे. अहोजाहो करायचा प्रयत्न केला, पण माझी पस्तिशी उलटून गेली आहे आणि ती कायम एकवीसचीच.)

आता ते पत्र. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं. त्यात ती गोपाळरावांच्या वागणुकीबद्दल बोलते, आणि पत्र वाचलं नसेल तर आपण समजतो तशा प्रकारे बोलत नाही. रडगाणं नाही, आणि 'तुम्हीच माझे देव' हेही नाही. तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न ती स्वतःच टेबलावर ठेवते आणि म्हणते की दोन्ही. शेवटी जे साधायचं होतं त्या दृष्टीने पाहिलं तर बरोबर. लहान मुलीच्या मनावर काय होईल हे पाहिलं तर चूक. मग वयवार तपशील देते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार. बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तकं, खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. त्या त्या वयातल्या शरीराला आणि मनाला हे फार होतं, असं तिचं म्हणणं. हे वाचताना मला दर वेळी वाटतं की वैद्यकीची विद्यार्थिनी लिहिते आहे. रोग्याचा पूर्वेतिहास घ्यावा तसा तिने स्वतःचा घेतला आहे.

मुलीपुढे मी खूप काही बोलले. आईने सांगितलं होतं हे मात्र सांगितलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. म्हणाले, तू लहान आहेस म्हणून. ती म्हणाली, "शी वॉज टेन." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर कित्येक दिवस मी माझी बाजू मनातल्या मनात मांडत राहिले. पहिली बाजू अशी की चरित्र वाचायला देतो ते कशासाठी? नववीतल्या मुलीला आपण इतिहासकार करायला निघालेलो नाही. तिला बळ मिळावं, तुझ्यासारखी एक मुलगी इथे येऊन गेली आहे हे कळावं. साने गुरुजींपासून आपल्याकडे चरित्रं मुलांच्या हातात याच भावनेने दिली गेली. त्या परंपरेची मी टिंगल करणार नाही, मी तिच्यावरच वाढले आहे. मेरी क्युरीचं मुलांसाठीचं एक बारीक पुस्तक नसतं तर मी कदाचित लॅबमध्ये नसते. त्या पुस्तकात पिएर क्युरी गेल्यानंतर बाईंच्या खासगी आयुष्यावरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी घातलेला धिंगाणा नव्हता, आणि दहाव्या वर्षी तो नसल्याने माझं काही अडलं नाही.

पण नीट पाहिलं तर हे उदाहरण माझ्या बाजूने उभं राहत नाही. क्युरीबाईंच्या आयुष्यातलं जे गाळलं ते त्यांच्या कामाचं कारण नव्हतं. आनंदीच्या बाबतीत शिक्षण आणि मार एकाच हातातून आले. पहिलं सांगून दुसरं गाळलं तर एक तपशील कमी होतो एवढंच नाही, पहिल्याचाही अर्थ बदलतो. 'नवऱ्याने बायकोला शिकवलं' या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा असूनही वाक्य खोटं होतं.

दुसरी बाजू जास्त गंभीर होती आणि ती अजून माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. ते पत्र नवऱ्याला लिहिलेलं होतं. मला नाही, कोसंबींना नाही, पेनसिल्व्हेनियातल्या शाळेच्या प्रकल्पाला तर नाहीच. परक्या लोकांपुढे ती आपल्या समाजाची बाजू घेत असे. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या भाषणात तिने हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर सांगितलं होतं. इथल्या थंडीतही लुगडं सोडलं नव्हतं. म्हणजे मैत्रिणीला वाटलेली भीती तिलाही ठाऊक होती. घरातलं बाहेर कुठवर न्यायचं याचा तिचा स्वतःचा एक हिशेब होता. मग ते पत्र उघडून अमेरिकन वर्गात वाचणारे आपण कोण?

इथे मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवते. मी रोज ज्या पेशी वाढवते त्या हेला पेशी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून तिला न विचारता घेतलेल्या. ती त्याच वर्षी गेली. पेशी जगभर वाढत राहिल्या आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. रेबेका स्क्लूट यांचं त्यावरचं २०१०चं पुस्तक मी नव्या विद्यार्थ्यांना सुचवते, पेशींची पहिली बाटली हातात देण्याच्या आधी. त्या पुस्तकात लेखिका आणि हेन्रिएटाची मुलगी डेबोरा एकत्र कागद शोधत फिरतात. कधी डेबोरा कागद हिसकावून घेते, कधी पोतडीभर कागद पलंगावर ओतते. काय लिहायचं, किती लिहायचं, ही ओढाताण पुस्तकातच आहे. स्क्लूट सुरुवातीला सांगतात की घरच्यांपैकी एकाने त्यांना बजावलं होतं, लोकांचं बोलणं सजवून गोजिरं करू नका, तसं केलंत तर ते अप्रामाणिक होईल, माणसाचं जगणंच काढून घेतल्यासारखं. २०१३मध्ये या पेशींचा जनुकसंच कुणालाही न विचारता प्रसिद्ध झाला, तेव्हा नातवंडांनी आवाज उठवला आणि ती माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत घरची माणसं बसली. वारस असले की निदान भांडता येतं. आनंदीला मागे कुणी नाही. तिची रक्षासुद्धा इथे, न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. मी एकदा जाऊन आले. गाडीने तीनेक तास लागतात. दगडावर शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर आहे. मार्च संपत आला होता तरी बर्फ होतं. मी फूल विसरले होते, म्हणून गाडीतलं संत्रं ठेवून आले.

तर पत्र वाचावं की नाही? मी आता जिथे येऊन पोचले आहे ते असं. आनंदी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई म्हणून विस्मृतीत गेली असती, तर पत्रं मिटलेलीच राहू द्यावीत असं मी म्हटलं असतं. पण आपण तिला तसं राहू दिलेलं नाही. तिच्यावर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे, गुगलने तिचं चित्र लावलं, शुक्रावरच्या एका विवराला तिचं नाव आहे. तिच्या आयुष्याचा अर्थ आपण चव्हाट्यावर ठरवून टाकलेला आहे. अशा वेळी त्या अर्थाबद्दल तिचं स्वतःचं जे म्हणणं होतं तेच तेवढं खासगी म्हणून झाकून ठेवणं ही मर्यादा पाळणं नव्हे. खटला जाहीर चालवायचा आणि जिच्यावर चालला आहे तिची साक्ष मात्र बंद लिफाफ्यात ठेवायची, असं ते होतं.

आणि ती साक्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' १९६८ची. मी ती तीनदा वाचली आहे आणि पुन्हा वाचेन. ती मारहाण लपवत नाही. पण गोपाळरावांचा ध्यास इतक्या जिवंतपणे उभा राहतो की मार त्या ध्यासात विरघळून जातो आणि वाचक डोळे पुसत त्यांना माफ करून टाकतो. हल्ली याच्या उलट वाचणारेही भेटतात. आमच्याच वाचनगटात एकीने गोपाळरावांना सरळ गुन्हेगार ठरवलं आणि विषय संपवला. दोघांचंही एक साम्य आहे. माफ कोणी केलं? आपण. शिक्षा कोणी दिली? आपण. जिच्या अंगावर खुर्ची आली होती तिने विचार करून 'दोन्ही' असं उत्तर लिहून ठेवलं आहे आणि ते उत्तर कुणालाच नको आहे. मी मुलीला जे पुस्तक दिलं नाही त्यात माझ्या मते सर्वांत मोठी चोरी ही होती. मार लपवला ते वाईटच, पण तिचं त्यावरचं मत लपवलं ते जास्त वाईट. नववीतली मुलगी मार सहज समजू शकत होती. मार देणाऱ्याबद्दल इतकं थंडपणे, इतकं न्यायाने लिहिणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मात्र तिने कुठेच पाहिली नसती, आणि मी तिची भेटच होऊ देणार नव्हते.

म्हणून आता कुणी आनंदीबाईंबद्दल विचारलं तर मी क्रम सांगते. कादंबरी वाचली असेल तर उत्तम, पण तिला शेवटचा शब्द समजू नका. अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' घ्या. त्यांनी अमेरिकेत येऊन कागद धुंडाळले आहेत आणि आनंदीला तिच्या काळात नीट उभं केलं आहे. समकालीन बाईच्या नजरेतून पाहायचं तर काशीबाई कानिटकरांचं चरित्र. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी मीरा कोसंबींचं, त्या २०१५ साली गेल्यानंतर प्रसिद्ध झालेलं, पत्रांचं पुस्तक. डॉलबाईंचंही देते अजून, फक्त त्यात काय दिसत नाही ते सांगून.

आणि आनंदीवर थांबू नका असंही सांगते. कादंबिनी गांगुलीही १८८६च्याच, आणि त्या पुढे १९२३मध्ये जाईपर्यंत डॉक्टरकी करत राहिल्या. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, कोर्टाची सगळी पायरी चढल्या, लंडनला शिकल्या आणि सुरत-राजकोटकडे कित्येक वर्षं बायकांची बाळंतपणं केली. १९५५ साली, नव्वदीत गेल्या. मोहिनी वर्दे यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे. आमच्या लायब्ररीत ते आहे आणि कुणी नेत नाही. लवकर मेलेली बाई आपल्याला बरी वाटते की काय, असा एक वाईट विचार त्या कार्डाकडे पाहून येतो. जी नव्वद वर्षं जगली तिच्या आयुष्याचा धडा करणं अवघड, मध्येच ती काहीतरी वेगळं बोलून बसेल.

ज्यांना चरित्रकाराचा मध्यस्थच नको असेल त्यांना मी 'स्मृतिचित्रे' देते. टिळकांच्या तापटपणाचा आणि स्वतःच्या वेंधळेपणाचा हिशेब लक्ष्मीबाईंनी स्वतःच मांडला आहे. हसत मांडला आहे, आणि काय हसण्यावारी न्यायचं हे त्यांनी ठरवलं आहे, आपण नाही.

इथे लेख संपवता आला असता, पण मुलीच्या त्या प्रश्नाच्या सुमारासच माझ्या काकांचा मेसेज आला होता. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचा चालला आहे. जुन्या आवृत्तीत सुनांची नोंद म्हणजे माहेरचं नाव, कंस, सासरचं नाव, मुलांची संख्या. नव्या आवृत्तीत प्रत्येकीवर दहा ओळी द्यायच्या असं ठरलं आणि आजीच्या दहा ओळी माझ्याकडे आल्या. 'तू डॉक्टरेट केलीस, तूच लिही.' मी लिहिल्या. त्यातली एक ओळ अशी होती : विवाहसमयी निरक्षर असलेल्या आजींना आप्पांनी स्वतः शिकवून सुशिक्षित केले.

हे खरं आहे. आजी पेपर वाचायची, पोथी वाचायची, मी पीएच.डी.ला असताना मला पत्रं लिहायची. आणि मी एकोणीस वर्षांची असताना एका दुपारी, शेंगा निवडता निवडता, ते शिकणं कसं झालं हे तिने मला सांगितलं होतं. काय ते मी इथे लिहीत नाही, कारण सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "कुणापाशी बोलू नकोस हं." मग सूप उचलून आत गेली. त्यानंतर बारा वर्षं ती होती आणि आम्ही पुन्हा कधी त्याबद्दल बोललो नाही. तुम्ही जे ओळखायचं ते ओळखलं असेल, म्हणजे मी निम्मं बोललेच. आजी हे मासिक वाचत नसे, हे काही समर्थन नव्हे.

आनंदीच्या पत्राला लावलेला न्याय आजीला लावता येईना. आनंदीने मत लिहून ठेवलं. आजीने मत दिलं नाही, गप्प राहायला सांगितलं. ते गप्प राहणंही तिचंच आहे. पण मग आप्पांच्या मोठेपणाची ओळ? तीही आजीने मागितली नव्हती. मी ती सवयीने लिहिली होती, अशा पुस्तकांत अशी ओळ असतेच म्हणून. आजीच्या नोंदीत आप्पांचा सत्कार. गुपित राखायचं तर राखावं, पण त्याच गुपिताच्या पाठीवर ज्याच्यामुळे ते गुपित झालं त्याचा पुतळा कशाला?

मी मजकूर बदलला. काकांना नवी ओळ पाठवली : विवाहानंतर आजी लिहायला-वाचायला शिकल्या व पुढे आयुष्यभर वाचत राहिल्या.

त्यांचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते. "अगं, आप्पांचं नाव राहिलं की. त्यांनीच तर शिकवलं तिला."

"राहिलं नाही, काका. मी काढलं."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "तुला आई काही बोलली होती का?"

काका तिचे थोरले. शिकणं चालू होतं तेव्हा ते चार-पाच वर्षांचे असतील, त्याच घरात. मी काही बोलले नाही.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे तसंच. प्रुफं सोमवारी जातायत."